घराची नोंद : ठाणे-कल्याण परिसरातील पुरातन घरांच्या याद्यांचे परीक्षण

ठाणे जिल्ह्याच्या इतिहासाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यास मुंबई सरकारने १८८२ साली प्रसिद्ध केलेले ठाणे गॅझेटियर डावलून पुढे जाता येत नाही. तेराव्या खंडाचे दोन भाग आणि चौदावा खंड मिळून हा ग्रंथ होतो. जेम्स कॅम्बेल यांचे संपादन आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्यासारख्या व्युत्पन्न संशोधकाचे साह्य, असा योग त्यात जुळून आला. ताम्रपट, शिलालेख, लेणी, बंदरे, जकाती, जंगले यांविषयीची जी माहिती त्यात एकत्र झाली, तिच्यावर आमच्या तीन पिढ्यांच्या अभ्यासकांचा निर्वाह झाला आहे. हे ऋण प्रथमच मान्य करून आम्ही या ग्रंथाच्या एका व्यंगाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. कारण ते व्यंग ग्रंथापुरते राहिले नसून आज पुरातन वास्तूंच्या ज्या याद्या होतात त्यांतही ते जसेच्या तसे उतरले आहे.

व्यंग असे. गॅझेटियरात घरांची वर्णने भरपूर आहेत, परंतु ती तेराव्या खंडातील लोकसंख्येच्या प्रकरणात आहेत. तेथे एकेक जात घ्यावयाची. तिचा पोशाख, तिचे अन्न, तिचे सण सांगावयाचे आणि त्याच ओघात तिचे घर सांगावयाचे. भिंती कशाच्या, छप्पर कशाचे, भांडीकुंडी किती, एवढे झाले की पुढची जात. हे घर कोठल्या गावातले, कोणी बांधलेले, किती पिढ्यांचे, याचा तेथे प्रश्नच उद्भवत नाही. उलटपक्षी चौदावा खंड स्थलवर्णनाचा. त्यात गावे वर्णानुक्रमाने येतात. कल्याणचे प्रकरण काढून पाहावे : इतिहास आहे, कोट आहे, दरवाजे आहेत, मशिदी, कबरी, तळी, व्यापार, सर्व काही आहे. ज्या गल्ल्यांतून हा सर्व व्यापार करणारी माणसे राहत होती, त्या गल्ल्यांतील घरे मात्र आली तर ओझरती. म्हणजे एका खंडात घराला गाव नाही आणि दुसऱ्या खंडात गावाला घर नाही.

ही दृष्टी कॅम्बेलसाहेबांनी नवी आणली असेही नाही. कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर हा १६७५ साली मुंबईहून जुन्नरास जाताना कल्याणावरून गेला. त्याचा प्रवासग्रंथ १६९८ साली छापला गेला. कल्याणात त्याचे डोळे दिपले ते मोडक्या मशिदींनी आणि कबरींनी. आणि ज्यांत माणसे खरोखर राहत होती, चूल पेटत होती, त्या घरांसाठी त्याच्यापाशी उरले ते तुच्छतेचे चार शब्द. पडके भव्य असले तर लिहावे, नांदते साधे असले तर सोडावे, हा प्रवाशाचा धर्म असेल. तो संशोधकाने का पाळावा, हे आम्हांस उमगलेले नाही.

आता आजच्या याद्यांकडे येऊ. बृहन्मुंबईसाठी १९९५ साली वारसा-वास्तूंचे नियम झाले, ते या देशातील नगरनियोजनाच्या कायद्यांत पहिले मानले जातात. वास्तूंची श्रेणी एक, दोन-अ, दोन-ब आणि तीन अशी प्रतवारी त्यांनी रूढ केली. पुढे इतर शहरांनीही तो कित्ता गिरवला. राज्यात २०२० साली लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही वारसा-वास्तूंविषयी तरतूद आहे. त्याआधी फक्त केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा असे स्मारकांचे दोन कायदे होते. त्यांचे लक्ष मुख्यतः देवळे, लेणी व किल्ले यांवर. अंबरनाथचे शिवमंदिर केंद्राच्या संरक्षणाखाली आहे, ते योग्यच. परंतु राहते घर हे जपण्याजोगे असू शकते ही कल्पना नगरनियोजनाच्या नियमांमुळे प्रथम कायद्याच्या भाषेत आली, हे त्या नियमांचे श्रेय आम्ही मुक्तकंठाने देतो. आमची तक्रार नियमांविषयी नसून नोंदींविषयी आहे. नियम कितीही चांगला असला तरी तो नोंदीच्या आधाराने चालतो. आणि नोंद लंगडी असेल तर नियमही लंगडतो.

कोणा एका यादीवर किंवा ती करणाऱ्या मंडळींवर ठपका येऊ नये म्हणून नमुन्याची नोंद आम्हीच तयार करून येथे देतो. अशा याद्या पाहिलेल्या वाचकांस ती अपरिचित वाटणार नाही : ‘दगडी वाडा. पेशवेकालीन. मालकी खाजगी. स्थिती मध्यम. श्रेणी तीन.’ झाले. जन्मभर ज्याने मुलांना पदच्छेद आणि अन्वय शिकवला त्याला या पाच वाक्यांकडे पाहून स्वस्थ बसवत नाही.

‘दगडी’ हे पहिले पद. कल्याण, ठाणे, भिवंडी या भागात दगड म्हणजे काळा दगड, सह्याद्रीचा काळवथर. दक्षिण कोकणात जांभ्याचे चिरे रचून अख्खे घर उभे राहते, तसे येथे क्वचित. येथल्या जुन्या घरात दगड असतो तो पायाशी : जोत्याला, पायऱ्यांना, खांबाखालच्या तळखड्याला, नहाणीला, विहिरीच्या तोंडाला, तुळशीवृंदावनाला. वर्षाकाठी शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडतो. ओल जमिनीतून चढते, वाळवी तिच्यामागोमाग येते. म्हणून लाकूड जमिनीला शिवू द्यावयाचे नाही, त्याच्या पायात दगडाचा जोडा घालावयाचा, अशी ही योजना आहे. जोत्याच्या वर मात्र घर लाकडाचे आहे. खांब, तुळया, कडीपाट, आढे, वासे हा त्याचा सांगाडा. वीट, माती, चुना हे त्याचे मांस. भार लाकूड वाहते; भिंत बहुधा आडोसा करते. अशा घरास ‘दगडी’ म्हणणे म्हणजे पायात जोडा आहे म्हणून माणसास चामड्याचा म्हणण्यासारखे आहे.

यात शब्दच्छलापेक्षा अधिक काही आहे. घराला ‘दगडी’ म्हटले की ते टिकाऊ आहे, त्याचे काय बिघडते, अशी समजूत होते, आणि पहिली हेळसांड कौलांची होते. कौल सरकते, पाणी आढ्यावर येते, आढे कुजते, वासे खचतात, आणि चार पावसाळ्यांत दगडी म्हटलेले घर दगडावर येते. जोते तेवढे शिल्लक राहते. कल्याणच्या पारनाक्याच्या आणि टिळक चौकाच्या बाजूस हिंडणाऱ्यास अशी उघडी जोती ओळखता यावीत. घराचे आयुष्य छपरात आहे. आणि आमच्या नमुन्याच्या नोंदीत छपराविषयी एक अक्षर नाही. अमरसिंहाने आपल्या कोशाच्या पुरवर्गात उंबऱ्याला शब्द दिला, अंगणाला दिला, ओटीसारख्या जागेला दिला, इतकेच काय, छपराच्या कडेलासुद्धा ‘वलीक’ आणि ‘नीध्र’ असे दोन शब्द दिले. दीड हजार वर्षांपूर्वीच्या एका शब्दकोशकाराला जी वळचण दिसली, ती आजच्या यादीकाराला दिसू नये?

‘वाडा’ हे दुसरे पद. हा शब्द संस्कृत ‘वाट’, ‘वाटक’ यांवरून आला. त्याचा मूळ अर्थ कुंपण घातलेली जागा, आवार. ‘वाडी’ ही त्याचीच बहीण. तेव्हा वाडा म्हणजे केवळ इमारत नव्हे, आवारासह इमारत. विहीर, गोठा, परसातले फणस-नारळ, मागचा दरवाजा, शेजाऱ्याशी असलेली सामाईक भिंत, हे सर्व मिळून वाडा होतो. यादीत मात्र इमारतीची दर्शनी बाजू येते आणि आवार गळते. मग कायदा दर्शनी भिंत राखतो आणि परसात सात मजले चढतात. वाडा राखला असे कागदोपत्री म्हणता येते. शब्दार्थाने पाहिले तर तो केव्हाच मोडला.

याउलट आमच्या पूर्वजांची लेखनपद्धती पाहावी. ठाण्याच्या किल्ल्यात १७८७ साली खणताना शिलाहार अरिकेसरीचा शके ९३९ चा ताम्रपट सापडला, आणि पुढच्याच वर्षी ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्या खंडात तो प्रसिद्ध झाला. भांडुप येथे सापडलेला छित्तराजाचा ताम्रपट शके ९४८ चा. षट्षष्टीतील, म्हणजे आजच्या साष्टीतील, नौर गावचे एक शेत त्यात दान दिले आहे. एका शेताचे दान. पण ते शेत कोठे संपते हे लेखकाने चारही दिशांनी सांगून ठेवले आहे. चतुःसीमा दिल्याशिवाय दान पुरे होत नाही, ही त्या काळच्या कारकुनाची निष्ठा होती. पेशवाईतील घरठिकाणांच्या कागदांत तीच रीत आढळते. लांबी-रुंदी गजांत, आणि पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस रस्ता. आजच्या खरेदीखतातही ती शिल्लक आहे. जवळजवळ हजार वर्षे अखंड चालत आलेली ही रीत वारसा-याद्यांच्या रकान्यांतच का खंडित व्हावी?

तिसरे पद ‘पेशवेकालीन’. या पदाने जितका घोटाळा केला आहे तितका दुसऱ्या कोणत्याही पदाने केला नसेल. प्रथम हे पाहावे की ठाण्याची पेशवाई आणि कल्याणची पेशवाई एक नव्हेत. ठाणे १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतले आणि डिसेंबर १७७४ मध्ये ते इंग्रजांनी घेतले. सालबाईच्या १७८२ च्या तहाने साष्टी इंग्रजांकडे कायम झाली. म्हणजे ठाणे शहरात पेशवेकाल अवघा सदतीस वर्षांचा. खाडीपलीकडचे कल्याण त्याआधीपासून मराठ्यांकडे होते. १७८० साली ते इंग्रजांनी घेतले खरे, पण तहानंतर परत आले आणि पेशवाईच्या अखेरीपर्यंत राहिले. एकाच शब्दाने दोन शहरांतल्या दोन घरांची कालनिश्चिती करणारा यादीकार निम्म्या शतकाची चूक सहज करून जातो.

दुसरे असे की, पुरावा कशाचा? बहुधा मालकाच्या तोंडची ऐकीव माहिती. ती टाकाऊ नव्हे, पण ती ऐकीव म्हणून लिहावी. घराच्या अंगावर पुरावे असतात, ते वाचावे. मंगळूरास बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ साली निघाला. त्यानंतर ती चपटी, खाचेची कौले किनाऱ्याने वर आली. त्याआधी आमच्याकडे कुंभाराची नळीची कौले. तेव्हा मंगळुरी कौलांखालचे छप्पर, निदान त्याचा वरचा थर, पेशवेकालीन असू शकत नाही. कौलांवर कारखान्याची नावे उठवलेली असतात, ती उतरवून घेतली तरी पुष्कळ काम होईल. आगगाडी ठाण्यास १८५३ साली आणि कल्याणास १ मे १८५४ रोजी आली. लोखंडी तुळई, ओतीव कठडा, रंगीत काच हे सर्व आपल्या भागात सुलभ झाले ते तिच्यानंतर. असे दागिने ल्यालेला वाडा पेशवेकालीन म्हणवतो तेव्हा एक तर दागिने मागाहून चढवलेले असतात किंवा वय चोरलेले असते. काय ते तपासून सांगावे.

कालनिश्चितीत एका अंकाने काय होते याचे उदाहरण दूर शोधण्याचे कारण नाही. अंबरनाथच्या मंदिरातील शिलालेखाचा शक डॉ. भाऊ दाजी यांनी ७८२ वाचला. पंडित भगवानलालांनी तो ९८२ असल्याचे दाखवले. एका अंकाच्या वाचनाने दोनशे वर्षांचा फरक पडला. तरीही तेथे अंक कोरलेला होता, ठसा घेता येत होता, वाद घालता येत होता. घरांच्या बाबतीत यादीकार अंकच देत नाही, तेव्हा वाद घालण्याची सोयसुद्धा राहत नाही. चुकीचे वाचन दुरुस्त होते. न दिलेला पुरावा कोण दुरुस्त करणार?

‘मालकी खाजगी.’ या दोन शब्दांमागे जे दडलेले असते त्याला आमच्या मते सर्वांत अधिक महत्त्व आहे. जुने घर एकाच्या मालकीचे क्वचितच असते. भावाभावांत खणवार वाटणी झालेली असते : ओटीचे दोन खण थोरल्याकडे, माजघर सामाईक, माडी धाकट्याकडे, विहिरीवर सर्वांचा हक्क. तिसऱ्या पिढीला हिस्सेदार डझनावारी होतात. कोणी पुण्यास, कोणी परदेशी. त्यात तळमजल्यावर भाडेकरू. मुंबई भाडेनियंत्रणाचा कायदा १९४७ चा. त्याच्या जागी १९९९ चा राज्याचा कायदा आला. परंतु जुन्या भाड्यांचा आकडा अशा ठिकाणी राहिला की वर्षाच्या भाड्यात एका पाख्याची कौले बदलत नाहीत. अशा मालकास ‘तुमचे घर वारसा आहे, त्यास हात लावू नका’ असे सांगणारी नोटीस मिळते, तेव्हा त्याला अभिमान वाटावा अशी अपेक्षा करणे आम्हांस क्रूरपणाचे वाटते. त्याला ती शिक्षा वाटते, आणि तो पाऊस पुरेसा काम करील याची वाट पाहत बसतो. या मालकांची बाजू वारसाप्रेमी मंडळी क्वचितच ऐकून घेतात. हस्तांतरणीय विकासहक्काच्या रूपाने मोबदल्याची सोय नियमांत आहे. पण हक्क कोणाच्या नावे द्यावयाचा हे ठरण्यासाठी आधी हिस्सेदार कोण ते माहीत असावे लागते. नोंदीत हिस्से, भाडेकरू, वाटणीची तारीख एवढे असते तर निदान कोणाशी बोलावयाचे ते तरी कळले असते.

‘स्थिती मध्यम’ याविषयी फार लिहीत नाही. एवढेच सांगतो की महापालिका दर पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींची एक वेगळी यादी काढते, तिचा कायदा वेगळा, तिच्या श्रेणी वेगळ्या. एकच घर दोन्ही याद्यांत असू शकते. एका कागदावर ते राखावयाचे, दुसऱ्यावर ते पाडावयाचे. या दोन नोंदींत परस्परांचा उल्लेख असावा, इतकी साधी गोष्ट सांगण्यासाठीही लेख लिहावा लागतो. श्रेणीविषयी तर मौनच बरे. ज्याचे वर्णन नाही त्याला गुण कसे देतात, हे परीक्षकाचे काम केलेल्या आम्हांस तरी कळत नाही.

इथवर शहरांतील घरांचा विचार झाला. खेड्यांतील घरांची गती याहून वाईट, कारण ती यादीत शिरतच नाहीत. कल्याण-डोंबिवलीभोवतालची सत्तावीस गावे १९८३ साली महापालिकेत आली, २००२ साली बाहेर पडली, २०१५ साली पुन्हा आत आली. त्यांच्या हद्दीविषयी जितका कागद खर्ची पडला त्याचा शतांशही त्यांच्या घरांविषयी पडलेला नाही. भोपर, निळजे, घेसर, खिडकाळी या बाजूच्या आगरी घराचा घाट वाड्यापेक्षा वेगळा आहे, पण तो घाट आहे. पुढे ओटी, आत माजघर, कडेने पडवी, भाताच्या कणग्यांची जागा, पुढे किंवा बाजूस सारवलेले खळे. घर हे भातशेतीचे अर्धे अवजार आहे. खळ्यावर मळणी, ओटीवर मापे, आत साठवण, पडवीत गुरे. लग्नात धवलारीण याच अंगणात, याच मांडवात धवळे गाते. खळे विकले गेले, तेथे इमारत आली, की उरलेले घर एका कुटुंबाचा निवारा होते, शेतकऱ्याचे घर राहत नाही. वाड्याच्या आवाराविषयी जे म्हटले तेच येथे दुप्पट लागू आहे.

आणि जो सर्वांत गरीब, त्या वारली, ठाकूर, कातकऱ्याच्या झोपडीचे काय? तिच्या भिंती कारवीच्या काठ्या उभ्या करून, शेणमातीने लिंपून केलेल्या. त्या भिंतीला ‘कूड’ म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘कुड्य’ याचाच वंशज. कुड्य म्हणजे भिंत. संस्कृत वाङ्मयात प्रासादांच्या भिंतींना जो शब्द, तो आज मुरबाड-शहापूरच्या रानात काटक्यांच्या भिंतीने सांभाळून ठेवला आहे, आणि सिमेंटच्या भिंतीला तो कोणी लावणार नाही. त्याचप्रमाणे माजघर म्हणजे मध्यगृह, गोठा म्हणजे गोष्ठ, उंबरा म्हणजे उदुंबर. हे शब्द कोशात राहतील हे खरे, परंतु ज्या वस्तूला ते चिकटलेले आहेत ती गेल्यावर ते मृत शब्द म्हणून राहतील.

कुडाची भिंत थोडी वर्षे टिकते, मग नवी घालतात. म्हणून यादीच्या हिशेबाने तिचे वय कधीच भरत नाही. केंद्राच्या कायद्यात स्मारकास शंभर वर्षांचे वय हवे. येथे आम्ही एक परदेशी दाखला देतो. जपानात इसे येथील देवस्थान दर वीस वर्षांनी जुने उतरवून शेजारच्या जागेत जसेच्या तसे नवे बांधतात. असे नूतनीकरण अलीकडे २०१३ साली झाले. लाकूड नवे, घाट जुना, सुतारांची विद्या अखंड. १९६४ च्या व्हेनिसच्या सनदेचा भर मूळ द्रव्यावर होता. पुढे १९९४ साली जपानातीलच नारा येथे भरलेल्या परिषदेच्या मसुद्याने मान्य केले की अस्सलपणा द्रव्याइतकाच घाटात, कारागिरीत आणि उपयोगातही असू शकतो. जे जपानच्या देवस्थानास लागू, ते शहापूरच्या कुडास लागू करावयास कोणती हरकत आहे? यादीकाराने काटक्यांचे वय विचारू नये. असा कूड घालणारी माणसे गावात किती उरली हे विचारावे.

कोणी म्हणेल, यादी ही यादी आहे. तिच्यात महाभारत कसे मावणार? आम्ही महाभारत मागत नाही. नगर भूमापनाची मिळकत पत्रिका, घरपट्टीच्या जुन्या वह्या, मालकाकडील सनदा व वाटणीपत्रे, पुण्याचे पेशवे दप्तर, यांतून एका घरापुरते एक पान भरणे अशक्य नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांच्या उद्योगाचे ते फळ. दोन्ही शहरांत वाचणारी, लिहिणारी माणसे पिढ्यानुपिढ्या आहेत. उणीव आहे ती घर हे कागदपत्रांइतकेच अस्सल साधन आहे या समजुतीची. बखरीचे पान वाळवी खाऊ लागले तर आम्ही हळहळतो, त्याची नक्कल करून घेतो. वाशाला वाळवी लागली तर कंत्राटदारास बोलावतो.

एक दाखला देतो. सरसुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी १७६० साली ठाण्याचे कौपिनेश्वराचे देऊळ बांधले. आंग्र्यांविरुद्धच्या मोहिमेतला पेशव्यांचा हा मोठा अधिकारी. त्याचे देऊळ पूजेमुळे टिकले. कल्याणात त्याच्या नावाशी जोडलेला सुभेदारवाडा. तेथे शाळा भरते, आणि १८९५ पासून चालत आलेला गणेशोत्सव त्या वाड्याच्या नावाने ओळखला जातो. नाव राहिले, वापर राहिला, हे थोडे नव्हे; वापर होता म्हणूनच जागा राहिली, असेही म्हणता येईल. परंतु त्या काळी वाड्यात सदर कोठे होती, दप्तर कोठे, कोठी कोठे, पाणी कोठून येत असे, हे सांगणारे मोजमापाचे एक पान प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती असावे की नाही? ज्या शाळेची मुले रोज इतिहासावर चालत वर्गात जातात तिला इतिहासाचे पुस्तक वेगळे कशाला?

या कामास आरंभ करावयाचा तर आमच्या मते कल्याणात पारनाक्यापासून, ठाण्यात चेंदणी कोळीवाड्यापासून आणि खेड्यांत सत्तावीस गावांच्या जुन्या गावठाणांपासून करावा. कारण तेथे पुनर्बांधणीचा रेटा सर्वांत अधिक आहे. वेळ वैशाखाची धरावी. मृगापूर्वी जे घरमालक अजून शाकारणी करतात, ते कौले उतरवून अंगणात रचतात. त्या तीन-चार दिवसांत आढे, वासे, तुळया उघड्या असतात. जोडणीच्या वेळी सुतारांनी लाकडावर केलेल्या खुणा एरवी अंधारात असतात, त्या तेव्हा उजेडात वाचता येतात. कौलांच्या पाठीवरील नावे उलटून पाहता येतात. शाकारणारा गडी बहुधा म्हातारा असतो, आणि त्याला प्रत्येक लाकडाचे नाव ठाऊक असते. त्याच्याजवळ वही घेऊन बसावे, तो म्हणेल तो शब्द त्याच्याच उच्चाराने लिहून घ्यावा, आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी मापे पुरी करावीत.